दुधाइतका पातळ म्हणजे किती?

रेणापूरला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही रेणा नदीच्या खोऱ्याचा एक मोठा फलक करायला घेतला होता. खाली काळी जमीन, मधून नदी आणि वर क्षितिजाकडे फिकट होत जाणारे आकाश. असा उतरता रंग ब्रशने नीट जमत नाही, पट्टे दिसतात. गावातल्या एका मूर्तिकारांकडे एअरब्रश होता. गणपती आणि नवरात्र दोन्ही हंगाम आटोपले होते, त्यामुळे त्यांनी तो आठवडाभरासाठी आनंदाने दिला. कसा वापरायचा असे विचारल्यावर म्हणाले, "सर, हत्यारात काही न्हाई. रंग तेवढा दुधावानी पातळ करा."

आम्ही निळ्या ॲक्रिलिक रंगात पाणी घातले, ढवळले आणि खटका दाबला. आकाशावर देवी आल्यासारखे ठिपके उमटले. मग आणखी पाणी घातले. आता रंग फलकावर पडताच ओघळू लागला आणि हवेच्या झोताने त्याला कोळ्याच्या पायांसारख्या रेषा फुटल्या. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दूध कोणतं? आमच्या म्हशीचं का डेअरीचं?"

सगळे हसले, पण उत्तर कोणाजवळच नव्हते. प्रश्न मात्र अगदी शास्त्रीय होता. 'दुधाइतका पातळ' हे माप आहे, पण त्याचे एकक ठरलेले नाही. या लेखात आपण ते माप पक्के करण्याचा प्रयत्न करू. त्या ओघात रंग पातळ करताना नेमके काय काय बदलते तेही पाहू.

एअरब्रश काय करतो?

रंग फुंकून चित्र काढण्याची कल्पना फार जुनी आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग उडवल्याने उमटलेला पंजा आहे. तो किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. हवेच्या दाबावर चालणारे यंत्र मात्र अलीकडचे. अमेरिकेत ॲब्नर पीलर याने १८७० च्या दशकाच्या अखेरीस असे एक यंत्र बनवले आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने त्याला आजच्यासारखे रूप दिले. फोटोंवर हात फिरवण्यासाठी ते आधी लोकप्रिय झाले. आज आपल्याकडे पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत अंगाचा रंग स्प्रे गनने आणि बारीक छटा एअरब्रशने देतात. डोळ्यांची आखणी मात्र अजूनही हातातल्या ब्रशानेच होते.

एअरब्रशच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असते. त्याचा व्यास साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. त्यात एक निमुळती सुई बसवलेली असते. सुई मागे ओढली की सुई आणि छिद्राची कड यांच्यामध्ये फट पडते आणि त्या फटीतून रंग बाहेर येतो. छिद्राभोवतून हवेचा झोत वेगाने निघत असतो. तो आसपासची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी दाब थोडा उतरतो. भांड्यातल्या रंगावर वातावरणाचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळे रंग पुढे ढकलला जातो, झोतात सापडतो आणि फाटून त्याचे तुषार होतात.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. बॉलपेनची रिकामी, दोन्ही टोके उघडी असलेली स्वच्छ रिफिल रंगीत पाण्यात उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याच्या पातळीपासून दोन-तीन सेंटिमीटरच वर असू द्या. पपईच्या पानाचा पोकळ देठ तिच्या टोकाशी काटकोनात धरून जोराने फुंका. पाणी रिफिलमध्ये वर चढेल आणि समोर फवारा उडेल.

शिकवताना एक काळजी घ्यावी. याचे स्पष्टीकरण आपण बर्नुलीच्या तत्त्वाने देतो आणि 'हवा वेगात असली की तिचा दाब कमी' असे सरसकट सांगून मोकळे होतो. मोकळ्या झोताच्या आतला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो. झोत नळीच्या टोकाला वळसा घालून जातो आणि तिथली हवा ओढून नेतो, म्हणून त्या जागी दाब उतरतो. रिफिल थोडी पुढेमागे सरकवली की पाणी चढेनासे होते, यावरून मुलांना जागेचे महत्त्व कळते.

या ओढीचा जोर थोडा असतो, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. ती पाण्याला काही सेंटिमीटर उचलते. काकवीला जागची हलवणार नाही. त्यामुळे पातळपणाचा प्रश्न येतो.

चौथ्या घाताचा हिशेब

द्रव वाहताना त्याचे थर एकमेकांना अडवतात. या अंतर्गत घर्षणाला श्यानता म्हणतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता १ मिलिपास्कल-सेकंद असते. पाण्याची १ धरली तर दुधाची सुमारे २ येते, शेंगदाणा तेलाची साठ-सत्तरच्या आसपास आणि मधाची काही हजार. डब्यातला एनॅमल रंग शेकडोंच्या घरात असतो.

बारीक नळीतून द्रव किती वाहील हे पॉइझेच्या नियमाने काढता येते. प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात, श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात आणि नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. या चौथ्या घाताकडे लक्ष द्या. नळी निम्मी बारीक केली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. एक मिलिमीटर छिद्राच्या स्प्रे गनमधून जो रंग सुखाने जातो, तो ०.३ मिलिमीटरच्या एअरब्रशमध्ये अडकतो याचे कारण हे. छिद्र आपल्याला वाढवता येत नाही. दाब वाढवला तर झोत इतका जोराचा होतो की फलकावरचा ओला रंगच उडू लागतो. उरते ती श्यानता, म्हणजे रंग पातळ करणे.

पातळ करतानाही सरळ त्रैराशिक चालत नाही. काकवीत पहिला चमचा पाणी घातले की ती एकदम सैल होते. दहाव्या चमच्याने फारसा फरक जाणवत नाही. रंगाचेही तसेच आहे. म्हणून सुरुवातीला थेंबाथेंबाने घालावे आणि दर वेळी तपासावे.

म्हशीचे की डेअरीचे?

रंगाच्या कारखान्यात श्यानता तपासायला तळाशी सुमारे ४ मिलिमीटरचे छिद्र असलेला कप वापरतात. कप भरायचा, छिद्रावरचे बोट काढायचे आणि तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. आम्हीही एका प्लॅस्टिकच्या पेल्याला खिळ्याने भोक पाडून तसा कप केला. आमची फसगत झाली. पाणी आणि दूध जवळजवळ सारख्याच वेळात बाहेर पडले.

असे का व्हावे? मोठ्या आणि आखूड छिद्रातून पातळ द्रव पडताना त्याला अडवते ती मुख्यतः त्याची जडता, श्यानता नव्हे. असा कप दाट रंगासाठी ठीक. दुधासारख्या पातळ द्रवांतला फरक ओळखायला नळी लांब आणि बारीक हवी.

मग आम्ही औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची नवी सिरिंज आणि २० गेजची नवी सुई आणली. या सुईच्या पोकळीचा व्यास सुमारे ०.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एअरब्रशच्याच जातीचा. सुईचे टोक शिक्षकांनी दगडावर घासून पूर्ण बोथट करावे. हे काम मुलांकडे देऊ नये. दट्ट्या काढून सिरिंज स्टँडला उभी बांधावी. मलमलीतून गाळलेला द्रव वरपर्यंत भरावा. पातळी १० च्या खुणेवरून ५ च्या खुणेवर यायला लागणारा वेळ मोजावा. आधी पाण्याचा, मग दुधाचा, मग रंगाचा. प्रत्येक मापन तीनदा घेऊन सरासरी काढावी. पाण्याच्या वेळेने रंगाच्या वेळेला भागले की आलेली संख्या म्हणजे 'रंग पाण्याच्या किती पट दाट' याचा अंदाज. घनतेचाही यात थोडा वाटा असतो, पण आपल्या कामाला एवढी अचूकता पुरते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि घन पदार्थ जास्त असतात, म्हणून ते गाईच्या दुधापेक्षा थोडे अधिक दाट भरते. साय काढलेले दूध त्याहून पातळ. पण या सगळ्यांतला फरक लहान आहे. रंग तर दुधापेक्षा काहीसा दाट असला तरी चालतो. पाण्याच्या पाच-दहा पटींपर्यंत बहुतेक एअरब्रश तो घेतात. 'दुधावानी' हा सल्ला म्हणूनच टिकून आहे. त्यात चुकायला जागा आहे.

एक सावधगिरी हवी. काही रंग स्थिर असताना दाट आणि ढवळल्यावर पातळ असतात. दही घुसळले की ताक सैल होते, तसेच. भिंतीवरून ओघळू नये म्हणून रंगात मुद्दाम असे घटक घातलेले असतात. असा रंग नीट ढवळून लगेच मापावा, नाहीतर आकडा फसवा येतो.

ऋतूप्रमाणे माप

श्यानता तापमानावर अवलंबून असते. पाण्याचीच १० अंशांना १.३१, २० अंशांना १.०० आणि ४० अंशांना ०.६५ होते. म्हणजे दहा अंशांच्या थंडीत पाणी जितके 'दाट', त्याच्या निम्मेच ते चाळीस अंशांना उरते. तेलावर आधारलेल्या रंगांत हा फरक आणखी मोठा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीवर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे कुडकुडायला होते. एकाच डब्यातला रंग या दोन वेळी सारखे थिनर मागणार नाही.

उन्हाळ्यात दुसरी अडचण येते ती वाळण्याची. एक मिलिलिटर रंगाचा एकच गोल थेंब केला तर त्याचे पृष्ठफळ ५ चौरस सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. त्याच रंगाचे ५० मायक्रॉन व्यासाचे तुषार केले तर सुमारे दीड कोटी थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ १२०० चौरस सेंटिमीटर होते. हे जवळजवळ अडीचशे पट झाले. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, हे मुलांना ठाऊकच आहे. शिवाय थेंब वाळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. निम्म्या आकाराचा थेंब चौपट लवकर वाळतो. लवकर उडणारे थिनर, कोरडी गरम हवा आणि फलकापासून जास्त अंतर हे तिन्ही एकत्र आले की थेंब वाटेतच अर्धे वाळतात. मग पृष्ठभाग काचकागदासारखा खरखरीत लागतो. ॲक्रिलिक रंग तर सुईच्या टोकावरच वाळून छिद्र बुजवतो. अशा वेळी जास्त पाणी घालून उपयोग नाही. दुपार टाळावी, अंतर कमी करावे आणि सुईचे टोक ओल्या फडक्याने पुसत राहावे.

थिनर कोणते, पाणी कोणते?

रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारे बारीक कण म्हणजे रंगद्रव्य, ते पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा बंधक आणि दोघांना वाहून नेणारा द्रव. थिनर घालताना आपण फक्त तिसरी गोष्ट वाढवतो. ती फार वाढली की कणांना धरून ठेवायला बंधक पुरत नाही आणि वाळलेला रंग बोटाला भुकटीसारखा लागतो. आकाशाची अगदी फिकट छटा हवी असेल तर निव्वळ पाणी न वाढवता त्याच जातीचा रंगहीन बंधक, ज्याला दुकानात 'मीडियम' म्हणतात, तो मिसळावा.

थिनर रंगाच्या जातीचेच हवे. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक यांना पाणी, सिंथेटिक एनॅमलला टर्पेंटाइन, लॅकरला त्याचे स्वतःचे थिनर. पैसे वाचवायला एनॅमलमध्ये रॉकेल घालण्याची पद्धत होती. रॉकेल सावकाश उडते, त्यामुळे रंग बराच काळ चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. पेट्रोल तर कधीच वापरू नये. त्याची वाफ ठिणगीने पेटते आणि त्यात बेंझीनसारखे घातक पदार्थ असतात.

पाण्याचे पृष्ठताण जास्त, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. टर्पेंटाइनचे सुमारे २७. म्हणून तेलकट हात लागलेल्या पत्र्यावर पाण्यातला रंग पसरत नाही, त्याचे मणी होतात. पत्रा आधी साबणाने धुऊन कोरडा करणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आमच्या निळ्या रंगात पुढे आणखी एक गंमत झाली. बोअरचे पाणी घातल्यावर थोड्या वेळाने त्यात बारीक गुठळ्या दिसू लागल्या. आपल्या भागात बेसॉल्टमधून येणारे बोअरचे पाणी बरेचदा जड असते; हंड्यात बसणारा पांढरा थर आपण रोज पाहतो. ॲक्रिलिकमधले कण बहुधा त्यांच्यावरच्या सारख्या विद्युतप्रभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन हा प्रभार झाकून टाकतात आणि कण एकत्र येतात. लिंबू पिळले की दूध फुटते, त्याच घराण्यातला हा प्रकार. आम्ही बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणले आणि नवा रंग त्यात केला. गुठळ्या झाल्या नाहीत. स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणीही चालेल.

मिसळण्याचा क्रम घरी कढी करणाऱ्यांना सांगावा लागत नाही. बेसनात थोडे थोडे ताक घालत गेले तर गुठळी होत नाही; ताकात एकदम बेसन टाकले तर होते. रंगातही थिनर थोडे थोडे घालावे, ढवळत राहावे आणि शेवटी मलमलीतून गाळावे. शेतात फवारणी पंपात पाणी भरताना जाळी लावतात, तिचेही काम हेच.

दोष ओळखा

ठिपके उडतात : रंग दाट किंवा दाब कमी.
ओघळ आणि कोळ्याचे पाय : रंग फार पातळ, अंतर कमी किंवा दाब जास्त.
खरखरीत पृष्ठभाग : थेंब वाटेत वाळतात.
फवारा मधेच तुटतो : टोकावर वाळलेला रंग किंवा न गाळलेली गुठळी.
वाळल्यावर भुकटी सुटते : बंधक कमी पडला.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही पहिल्या दिवशी पाणी, दाब आणि अंतर तिन्ही एकदम बदलत होतो, म्हणून काहीच कळत नव्हते. प्रयोगात एकच चल बदलायचा, हे आपण मुलांना शिकवतो आणि घाईत स्वतःच विसरतो.

जो रंग फलकावर बसत नाही

तुषारांचा काही भाग फलकावर न बसता हवेत तरंगत राहतो. सुमारे १० मायक्रॉनहून बारीक थेंब नाकातून पुढे घशाखाली, आणि त्याहून बारीक थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. रंग जितका पातळ आणि दाब जितका जास्त, तितके असे थेंब अधिक. आपल्या पालकांना फवारणी परकी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही घटना अनेकांना आठवत असेल. रंग हे कीटकनाशक नव्हे, पण तुषार श्वासात जाण्याची वाट तीच.

शाळेत म्हणूनच पाण्यातले रंगच फवारावेत, तेही व्हरांड्यात किंवा मोकळ्या जागी आणि वाऱ्याकडे पाठ करून. रुमाल बारीक तुषार अडवत नाही. नाकाला नीट बसणारा धुळीचा मास्क काही प्रमाणात अडवतो. थिनरची वाफ मात्र या मास्कमधूनही आरपार जाते. तिला कोळशाचा फिल्टर असलेला मास्क लागतो. भांडारघरातले जुने रंगाचे डबे मुलांना देऊ नयेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० भाग प्रति दशलक्ष एवढेच असावे हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत किती शिसे असेल ते डब्याकडे पाहून सांगता येत नाही.

फलक पूर्ण झाला. एअरब्रश परत करायला गेलो तेव्हा मुलांनी सिरिंजही बरोबर घेतली होती. मूर्तिकारांनी नेहमीप्रमाणे वाटीत रंग कालवला, वाटी कलती करून कडेवरून रंग कसा खाली उतरतो ते पाहिले, दोन थेंब पाणी घातले आणि म्हणाले, "झाला." मुलांनी तो मापला. आमच्या फलकावर सर्वांत चांगल्या बसलेल्या रंगाच्या अगदी जवळचा आकडा आला. वाटीच्या कडेवरून उतरणारा पापुद्रा पाहणे हेही श्यानतेचेच मापन आहे. त्यांनी ते वर्षानुवर्षांच्या सवयीने डोळ्यांत बसवले होते.

त्यांना सिरिंजचे कौतुक वाटले, पण गरज वाटली नाही. तुषारांच्या आकाराचे गणित मात्र त्यांनी दोनदा समजावून घेतले. श्रावण-भाद्रपदात पाऊस असतो, त्यामुळे पत्र्याच्या शेडची दारे लावून ते दिवसाचे बारा-बारा तास फवारणी करतात, तोंडाला फक्त उपरणे. हंगामानंतर महिनाभर खोकला राहतो, हे त्यांनी सहज सांगितले. पुढच्या वर्षी शेडच्या एका भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवायचे मुलांनी आणि त्यांनी मिळून ठरवले आहे. त्याची जागा कुठे असावी, झोत कोणत्या दिशेने जावा, हा आमच्या नववीच्या वर्गाचा पुढचा प्रकल्प आहे.

आपल्याही गावात मूर्तिकार, पाट्या रंगवणारे किंवा गाड्यांना रंग देणारे असतील. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांचा 'झाला' म्हटलेला रंग सिरिंजने मापावा आणि त्या दिवसाचे तापमान शेजारी लिहावे. थंडीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे मापन पुन्हा घेतले, तर वर्षअखेर एक चांगला आलेख तयार होईल.